काचेच्या खोलीचे ब्लाइंड्स: कापडाआधी ऊन बघा

आमच्या घराच्या मागच्या अंगाला काचेची खोली आहे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद. एक बाजू घराला टेकलेली, बाकी तीन बाजूंना काच आणि छप्परही काचेचंच. तिथे आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, वेताची आरामखुर्ची असते. खोली झाली त्याच वर्षी आम्ही सगळ्या खिडक्यांना गडद तपकिरी रोलर ब्लाइंड्स, म्हणजे नळीवर गुंडाळले जाणारे पडदे, लावून घेतले. नमुन्यांचं पुस्तक चाळलं, फरशीला शोभेल असा रंग काढला, मापं दिली आणि काम झालं असं समजलो.

उन्हाळा लागला आणि दुपारी दोननंतर त्या खोलीत बसवेना. सगळे ब्लाइंड खालपर्यंत ओढलेले, तरी धग तशीच. एका दुपारी आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उठले आणि म्हणाले, "अगं, ऊन समोरून येतच नाहीये. डोक्यावरून येतंय." मी वर पाहिलं. वीस चौरस मीटर काच आम्ही झाकली होती आणि खरी तापणारी बारा चौरस मीटर काच उघडीच ठेवली होती.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी हेच सांगते: ब्लाइंड खोलीसाठी निवडायचा नसतो, एकेका काचेसाठी निवडायचा असतो. छपराचा वेगळा, पश्चिमेचा वेगळा, आणि एखाद्या काचेला कदाचित काहीच नको.

आधी खडू घ्या

खरेदीआधी निरभ्र आकाशाचा एक दिवस काढा. सकाळी नऊला, बाराला, तीनला आणि पाचला फरशीवर उन्हाची कड जिथे पडते तिथे खडूने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. ऊन कुठल्या काचेतून आलं तेही लिहा. दोन थर्मामीटर ठेवा, एक खुर्चीच्या उंचीवर आणि एक छपराखाली हातभर अंतरावर, दोन्ही सावलीत. मी हे केलं तेव्हा तीन वाजता खुर्चीपाशी ३६ अंश होते आणि छपराखाली ४५. नऊ अंशांचा हा फरक पाहिला तेव्हा आप्पांचं म्हणणं मला नीट पटलं.

जमलं तर हाच उद्योग हिवाळ्यातही एकदा करा, कारण सूर्य एका जागी राहत नाही. ४० उत्तर अक्षांशावर जूनच्या मध्यान्हीला तो क्षितिजापासून सुमारे ७३ अंश वर असतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम २७ अंश. त्यामुळे तिथे उन्हाळ्यात माथ्यावरचं ऊन छपरातून कोसळतं. दक्षिणेच्या उभ्या काचेवर तेच ऊन इतकं तिरकं पडतं की त्यातलं बरंचसं परावर्तित होतं. हिवाळ्यात उलट घडतं. दक्षिणेच्या काचेतून ऊन थेट खोलीच्या आतल्या भिंतीपर्यंत पोचतं, आणि ते हवंहवंसं असतं. दक्षिण गोलार्धात राहत असाल तर हेच उत्तरेच्या काचेला लावा. विषुववृत्ताच्या जवळ असाल तर छपराचा प्रश्न बाराही महिने पहिला. पूर्व आणि पश्चिम मात्र सगळीकडे सारख्या वागतात: ऊन खालून, आडवं, डोळ्यांत येतं.

उष्णता कुठे अडवायची

निरभ्र दुपारी उन्हाला काटकोनात धरलेल्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊर्जा पडते. साधी पारदर्शक काच त्यातली चार पंचमांशाच्या आसपास आत सोडते, दुहेरी काच थोडी कमी. आमच्या बारा चौरस मीटर छपरातून ऐन दुपारी आठ-नऊ किलोवॅट उष्णता आत येऊ शकते. म्हणजे भर उन्हाळ्यात २००० वॉटचे चार हीटर सुरू करून बसण्यासारखं झालं.

ऊन काचेतून आत आलं आणि कापडावर आदळलं, की कापड तापतं. ते कापड तेव्हा खोलीच्या आतच असतं, त्यामुळे त्याची उष्णताही खोलीतच राहते. आतल्या ब्लाइंडला खरा उपयोग एकच: ऊन उष्णता होण्याआधी परत काचेतून बाहेर फेकणं. म्हणून आतल्या ब्लाइंडची जी बाजू काचेकडे असते, तिचा रंग सगळ्यात महत्त्वाचा. ती पांढरी किंवा चंदेरी हवी. खोलीकडच्या बाजूला तुम्हाला आवडेल तो रंग घ्या.

हे पटवून घ्यायचा सोपा मार्ग आहे. दुकानातून हातभर लांबीचे नमुने मागून आणा आणि चिकटपट्टीने उन्हातल्या काचेवर आतून लावा, काच आणि कापड यांच्यात बोटभर अंतर ठेवून. मी चार लावले होते: आमचा तपकिरी, एक पांढरा, एक चंदेरी पाठीचा आणि एक राखाडी जाळीचा. दहा मिनिटांनी खोलीच्या बाजूने तळवा लावून पाहिला. तपकिरी कापड नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखं लागत होतं, पांढरं कोमट, चंदेरी जेमतेम ऊबदार. राखाडी जाळीतून तर ऊन थेट तळव्यावर येत होतं. विक्रेता कितीही समजावू दे, हा तळवा लावून बघितल्याशिवाय मी आता कुठलंच कापड घेत नाही.

बाहेरून लावलेली सावली या सगळ्यांपेक्षा सरस, कारण तापलेलं कापड घराबाहेर राहतं आणि वारा त्याची धग घेऊन जातो. काचेवर बाहेरून ताणलेली जाळी, गुंडाळता येणारं बाहेरचं स्क्रीन ब्लाइंड किंवा वर ताणलेला कापडी चांदवा, यातलं काही शक्य असेल तर आधी त्याचाच विचार करा. अडचण वाऱ्याची. वादळी वाऱ्यात बाहेरचं कापड गुंडाळावंच लागतं, नाहीतर ते फाटतं किंवा ब्रॅकेट उपटून टाकतं. घरी कोणी नसताना ते कोण गुंडाळणार याचं उत्तर नसेल, तर वाऱ्याचा सेन्सर असलेली मोटर घ्या किंवा आतलाच ब्लाइंड घ्या.

आणि ब्लाइंडच्याही आधी झरोका. आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दोन पेट्या उन्हात ठेवल्या होत्या. एकीवर काच आणि दुसरीवर खनिज मिठाची पारदर्शक पट्टी. काच उष्णतेची अवरक्त किरणं अडवते, मीठ अडवत नाही. तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे काचघर तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर पडू शकत नाही म्हणून. छपराच्या उंच टोकाला उघडणारं एक तावदान आणि खाली समोरच्या बाजूला एक खिडकी असेल, तर चांगल्यातला चांगला ब्लाइंडही त्याहून जास्त काम करणार नाही. म्हणून छपराचा ब्लाइंड बसवताना फिटरला बजावून सांगा की वरचा झरोका ब्लाइंड ओढलेला असतानाही उघडता आला पाहिजे. आमच्याकडे पहिल्या माणसाने रूळ नेमका झरोक्याच्या हँडलसमोर आणला होता. तो काढून पुन्हा बसवावा लागला.

छपरासाठी

उतरत्या छपराला कापड अधांतरी लटकत नाही, त्याला ताण लागतो. साधा रोलर तिरका लावला तर महिन्याभरात कापडाला झोळ येतो. त्यामुळे छपराला दोनच प्रकार मला योग्य वाटतात. एक, तारांवर ताणलेला प्लीटेड किंवा हनीकोम्ब. याच्या घड्या दोन्ही बाजूंच्या बारीक तारांवर सरकतात, गोळा झाल्यावर वितभरही जागा घेत नाहीत, आणि त्रिकोणी, निमुळत्या तावदानांनाही तो बसतो. दुसरा, बाजूच्या खाचांतून धावणारा, स्प्रिंगने ताणलेला छपराचा रोलर. तो दिसायला सपाट आणि देखणा, पण फक्त चौकोनी तावदानांना चालतो आणि रुंदी वाढली की त्यालाही झोळ येतो.

आम्ही हनीकोम्ब घेतला. त्यात कापडाचे दोन थर असतात आणि मध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे. कप्प्यातली हवा हलत नाही, आणि न हलणारी हवा उष्णतेला फार कमी वाट देते. त्यामुळे उन्हाळ्यात चंदेरी पाठ कामाला येते, हिवाळ्यात कप्पे. वर्षभरासाठी एकच प्रकार घ्यायचा असेल तर माझं मत यालाच. एक खोड सांगून ठेवते: कप्प्यांची टोकं उघडी असतात, त्यातून बारीक किडे आत शिरतात आणि तिथेच मरतात. उजेडात ते काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. केस वाळवायच्या ड्रायरवर थंड हवा लावून एका टोकाकडून फुंकर मारली की बाहेर पडतात.

छपराला पूर्ण अंधार करणारं कापड घेऊ नका. वरून उजेड आला नाही तर ती काचेची खोली राहतच नाही. उजेड गाळून देणारं, चंदेरी किंवा पांढऱ्या पाठीचं कापड पुरतं.

कापड काचेला अगदी खेटूनही लावू नका. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, नसलेल्या साध्या काचेचा मधला भाग तापला आणि चौकटीतली कड थंड राहिली, तर ताणाने काच तडकते. आमच्या ओळखीच्या एका घरी काळ्या ब्लाइंडमागची काच अशीच गेली. तडा कडेपासून सरळ काटकोनात निघाला होता आणि मग वाकडातिकडा पसरला होता. दगड लागलेल्या काचेचा तडा असा नसतो. काच आणि कापड यांच्यात चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, गडद रंग काचेकडे नको, आणि तुमची काच टफन्ड आहे का, रंगीत आहे का, तारेची (आत तारेची जाळी असलेली) आहे का, हे आधी विचारून घ्या. रंगीत आणि तारेच्या काचेला हा धोका जास्त.

बाजूच्या काचा

पश्चिमेला संध्याकाळी तीन-चार तास आडवं ऊन येतं. तिथे उभ्या पट्ट्यांचा व्हर्टिकल ब्लाइंड चांगला, कारण सूर्य सरकेल तशा पट्ट्या फिरवता येतात आणि बाहेरची बागही दिसत राहते. बाहेर बघत बसायची आवड असेल तर जाळीचं स्क्रीन कापड बघा. त्याच्या छिद्रांचं प्रमाण टक्क्यांत सांगतात: १, ३, ५, १०. पश्चिमेला ३ टक्क्यांच्या वर जाऊ नका. ५ टक्क्यांच्या जाळीतून मावळतीचा सूर्य डोळ्याला टोचतो. गडद जाळीतून बाहेरचं स्वच्छ दिसतं, फिकट जाळी उजेडाने स्वतःच चमकते आणि बाहेरचं धुरकट होतं. म्हणून बाहेरून पांढरी आणि आतून गडद अशी दुरंगी जाळी मिळाली तर तीच घ्या. आणि हे लक्षात असू द्या की दिवेलागणीनंतर सगळं उलटतं. आत दिवा लागला की जाळीतून बाहेरच्यांना तुम्ही दिसता.

झेब्रा ब्लाइंड, म्हणजे जाळीच्या आणि जाड कापडाच्या आडव्या पट्ट्या आलटून-पालटून असलेला, इथे नको. पट्ट्या जुळवल्या तरी फटींतून ऊन येतंच. जाड सुती रोमन ब्लाइंड (वर ओढला की रुंद घड्या पडतात तो) बैठकीच्या खोलीत शोभतो, काचेच्या खोलीत दमटपणा धरतो आणि उन्हाने दोन-तीन वर्षांत विरतो. पॉलिएस्टर या जागी जास्त टिकतं. बांबूच्या काड्यांचे पडदे सुरेख, पण फटी फार. बाहेरून लावलेत तर बरे.

थंडीच्या रात्री

साध्या दुहेरी काचेतून आतबाहेरच्या दर अंश फरकाला दर चौरस मीटरमागे सुमारे २.८ वॉट उष्णता निघून जाते, एकेरी काचेतून त्याच्या दुप्पट. आमची सगळी मिळून बत्तीस चौरस मीटर काच. बाहेर ५ अंश आणि आत २० असतील तर साडेतेराशेच्या आसपास वॉट सतत बाहेर जातात. रात्री ब्लाइंड ओढले तर हे कमी होतं, पण कडा बंद असतील तरच.

एक रात्र मी खिडकीच्या ब्लाइंडखाली टिश्यू पेपरची बोटभर पट्टी धरून उभी राहिले. पट्टी खोलीच्या आतल्या बाजूला उडत होती. काचेजवळची हवा थंड होते, जड होऊन खाली उतरते आणि ब्लाइंडच्या खालच्या फटीतून पायांवर येते. तिची जागा घ्यायला वरच्या फटीतून खोलीतली ऊबदार हवा काचेकडे जाते, आणि हे रात्रभर चालू राहतं. आप्पांचे पाय गार का पडतात ते त्या पट्टीने दाखवलं. आता आमचे खिडक्यांचे ब्लाइंड बाजूच्या खाचांत बसतात आणि खाली चौकटीच्या कट्ट्यावर नीट टेकतात. तीच पट्टी आता जेमतेम हलते.

पण कडा बंद केल्या की काच आणखी थंड होते, कारण खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोचत नाही. दमट हवा थोडीफार मागे जातेच, आणि सकाळी काचेवर थेंब दिसतात. ते थेंब कापडाच्या खालच्या शिवणीत जिरले की काळी बुरशी धरते. पहिल्या हिवाळ्यात आमच्या दोन ब्लाइंडना ती धरली आणि धुऊनही गेली नाही. म्हणून उजाडलं की ब्लाइंड पूर्ण वर, काच कोरड्या फडक्याने पुसायची, दहा मिनिटं खिडकी उघडी. खोलीत ओले कपडे वाळत घालत असाल तर थंडीत ते बंद करा. कुंड्यांना पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला.

हिवाळ्यात दिवसा दक्षिणेचे ब्लाइंड उघडे ठेवायचे आणि सूर्य मावळायच्या आधी, काच ऊबदार असतानाच ओढायचे. अंधार पडल्यावर ओढले तर तोवर बरीचशी ऊब गेलेली असते.

मापं आणि फिटिंग

चौकटीच्या आत बसवायचं असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी असलेली धरा. उंचीही तीन ठिकाणी. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही आणि तिथे खाचांचा ब्लाइंड अडकणार. माप मिलिमीटरमध्येच लिहा. आणि ऑर्डरवर स्पष्ट लिहा की हे "चौकटीचं माप" आहे की "ब्लाइंडचं माप". चौकटीचं लिहिलंत तर कारखाना स्वतः थोडं कमी करतो; तुम्हीही कमी करून दिलंत तर दोन्ही बाजूंना फट राहते. त्रिकोणी तावदानाला आकडे पुरत नाहीत, पुठ्ठ्याचा साचा कापून द्या.

खिडकीचं हँडल किती पुढे येतं तेही मोजा. आत उघडणाऱ्या खिडकीला ब्लाइंड पल्ल्यावरच बसवा, चौकटीवर नाही.

पीव्हीसी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला भोक पाडायच्या आधी चौकट बसवणाऱ्याला विचारा. चौकटीच्या पोटात पावसाचं पाणी बाहेर काढायच्या वाटा असतात, स्क्रू तिथे घुसला तर गळती सुरू होते, आणि हमीही जाऊ शकते. काचेभोवतीच्या रबराखाली सरकवायच्या क्लिपा मिळतात. भोक न पाडता त्यांवर ब्लाइंड बसतो.

लहान मूल घरात असेल किंवा येत-जात असेल, तर लोंबणारी दोरी किंवा साखळीचा फास नकोच. गळ्यात अडकून मुलं दगावलेली आहेत. दांडीने किंवा हाताने ढकलायचा ब्लाइंड घ्या, किंवा मोटरचा. साखळी टाळता येतच नसेल तर ती भिंतीवरच्या पकडीत ताठ बांधा, जमिनीपासून किमान दीड मीटर उंच, आणि जवळपास खुर्ची, स्टूल, कॉट काही ठेवू नका. ही गोष्ट नंतर करू म्हणून सोडू नका, फिटर घरात असतानाच करून घ्या.

छपराला मोटर घ्यायची तर वायरची घ्या. बॅटरीला छपराखालची उष्णता सोसत नाही, तिचं आयुष्य भराभर कमी होतं. आमच्याकडे मोटर नाही, लांब दांडी आहे. उन्हाळ्यात साडेदहाला, ऊन छपरावर चढायच्या आत, आप्पा स्वतः ती दांडी घेऊन ब्लाइंड ओढतात. खोली तापल्यावर ओढून फारसा फरक पडत नाही, हे त्यांनी थर्मामीटर बघून मला दाखवून दिलं.

सगळं एकदम घेऊ नका. आधी छप्पर, मग पश्चिम. मग एक अख्खं वर्ष जाऊ द्या आणि खडूच्या रेघा पुन्हा बघा. आमच्या पूर्वेच्या दोन तावदानांना जुने ब्लाइंड काढल्यावर अजून काहीच लावलेलं नाही. सकाळचं कोवळं ऊन तिथून खुर्चीपर्यंत येतं आणि नऊपर्यंत आप्पा तिथेच बसतात.